आरशात पाहून कोलायटिस कळत नाही

इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल रेघा म्हणजे आतड्याला सूज. दुर्बिणीची तपासणी कशाला, आरसा पुरे. पोट सुधारलं की डोळा आपोआप निवळतो. तोवर त्रिफळ्याच्या पाण्याने धुवा.’

पोटाचा आणि डोळ्याचा संबंध खरा आहे, म्हणून तर लोकांना हे पटतं. ज्यांच्या नावाने आतड्याच्या जुनाट सुजेचा क्रोन्स हा आजार ओळखला जातो त्या डॉक्टर बरिल क्रोन यांनी 1925 मध्येच अल्सरेटिव्ह कोलायटिसमधल्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात तो आजार) डोळ्यांच्या विकारांवर लिहिलं होतं. पण आतडं आजारी म्हणून डोळे तपासणं वेगळं, आणि डोळे लाल म्हणून आतडं आजारी ठरवणं वेगळं. तसं असेल तर रात्री एकपर्यंत सराफ्याच्या खाऊबाजारात खादाडी करणारं निम्मं इंदूर सकाळी कोलायटिसचं निघेल! निदानाला शौचाची तपासणी, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो. तो आरसा कसा ओळखणार?

आता त्या रेघा. पांढऱ्या भागाच्या वरच्या थरातल्या रक्तवाहिन्या सुजल्या तर तो एपिस्क्लेरायटिस. डॉक्टर वरवरच्या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या फेनिलेफ्रिन या औषधाचा थेंब घालून पाहतात. लाली ओसरली तर बहुधा वरवरचं. तशीच राहिली आणि डोळा ठणकत असेल तर खोलवरच्या स्क्लेरायटिसची शंका. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिना) रक्तवाहिन्यांचा दाह किंवा तिथल्या शिरेत गुठळी हे दुर्मीळ, पण नजर जाऊ शकते. ते बाहेरून दिसत नाही, डोळा पांढराशुभ्र असतानाही होतं. त्यासाठी बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो. डोळ्याच्या नव्या स्कॅनमध्ये कोलायटिस-क्रोन्सच्या रुग्णांच्या पडद्यावरच्या केशवाहिन्यांत काही अभ्यासांना फरक दिसलेत खरे, पण ते गटाच्या सरासरीतले. त्यावरून एकट्यादुकट्याचं निदान होत नाही.

‘आपोआप निवळतो’ हे सगळ्यात घातक. एपिस्क्लेरायटिस बऱ्याचदा आतड्याच्या चढउताराबरोबर चालतो, इतपत ठीक. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराचा दाह, मात्र पोट अगदी शांत असतानाही येतो. उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, आत दुखतं, अशा वेळी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलवरून स्टिरॉइडचे थेंब स्वतःच आणून घालू नयेत. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. घरी केलेलं त्रिफळ्याचं पाणी निर्जंतुक नसतं, ते डोळ्यात नकोच.

आणि कोलायटिस किंवा क्रोन्स असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते आधी सांगा, पोटाच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखवा.