हात ठेवायचा तरी कुठे?

दहीहंडी होऊन चार दिवस झाले, तरी कॅमेऱ्याच्या बटणांवरून डोकं शांत होत नाही.

दादर पश्चिमेला, भर रस्त्यात, दुपारी दीडच्या सुमाराला माझी भाची सहाव्या थरावर चढली. महिला पथक, सहा थर, आणि एक्का, म्हणजे सगळ्यात वरची एकटी, ही. दोन महिने रोज रात्री सराव केला पोरीने. गुडघे सोलवटलेले, घरी अभ्यासावरून आईची बोलणी. सकाळी निघताना मला एवढंच म्हणाली, "मामा, वरचा फोटो तूच काढ हां. बाकीच्यांचे सगळे हललेले येतात." मी दहाला जाऊन जागा धरली. समोरच्या इमारतीच्या पायरीवर उभा राहिलो, टँकरचं पाणी तिथवर पोचत नव्हतं. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली, लेन्सपुरतं भोक ठेवलं. शटर सेकंदाचा एक हजारांश, बर्स्ट (एका दाबात धडाधड फोटो) चालू. तीनतीनदा तपासलं.

मग ती वर गेली. पाचव्या थरातल्या मुलीच्या खांद्यावर आधी गुडघा, मग एक पाऊल, मग दुसरं. हळूच हात सोडले आणि सरळ उभी राहिली. मी शटर दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. डीजे एवढा की छाती हादरत होती, त्यात कॅमेऱ्याचं टूं-टूं कुठून ऐकू येणार? आधी वाटलं बॅटरी गेली. मग वाटलं कार्ड अडकलं. तेवढ्यात माझ्या पुढे उभा असलेला एक मुलगा मागे वळून म्हणाला, "काका, तुमच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकतोय."

सेल्फ-टायमर! दहा सेकंदांचा. त्याचा दिवा पुढच्या बाजूला असतो, समोरच्याला दिसतो, फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. आणि मी घाबरून जितक्या वेळा शटर दाबत होतो, तितक्या वेळा मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. वर भाची नारळ हाणतेय, मडकं फुटतंय, दही तिच्या तोंडावरून ओघळतंय, ती दोन्ही हात उंचावून ओरडतेय. आणि खाली मी हातात लाखभराचं यंत्र धरून उभा, यंत्र आकडे मोजतंय.

फोटो आला शेवटी. थर उतरल्यावर आला. त्यात झुलणारी दोरी आहे, दोरीला लटकलेला मडक्याचा गळा आहे, आणि खाली नुसती डोकी.

हा टायमर मी लावला नव्हता. कधीच लावत नाही. या कॅमेऱ्याच्या पाठीला जी गोल चकती आहे, तिच्या डाव्या कळीवर ड्राइव्ह मोड बसवलाय. बर्स्ट, एकच फोटो, टायमर, सगळं तिथे. आणि उजव्या हाताने कॅमेरा धरला की अंगठ्याच्या खालचा तळव्याचा फुगवटा बरोबर त्याच चकतीवर टेकतो. माझा हात काही वेगळा नाही, कोणीही धरून बघावा. एकदा दाब पडला की यादी उघडते. पुन्हा पडला की पुढचा पर्याय. मग शटर अर्धं दाबलं की जो पर्याय असेल तो पक्का. "खरंच बदलू का?" असं एका अक्षराने विचारत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तांदळाएवढं घड्याळाचं चिन्ह येतं. ते चिन्ह, पिशवीच्या आतून, डोळा भाचीवर असताना मी बघायचं होतं!

आमच्याकडे वडिलांचा झेनिट, जुना फिल्मचा कॅमेरा, अजून आहे. त्यालाही सेल्फ-टायमर होता. पुढच्या बाजूला एक दांडी. ती बोटाने ओढून खाली फिरवायची, आत स्प्रिंग ताणली जायची, मग सुरू केली की करकर आवाज करत दांडी आपल्या जागी परत यायची. खांद्यावर लटकवून तो कॅमेरा गर्दीच्या लोकलमधून नेला, गणपतीत नेला, पण त्या दांडीला स्वतःहून फिरताना कोणी पाहिलं नाही. कारण ती फिरवायला ठरवावं लागायचं. आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) बदलायचा तर डायलची कड उचलून फिरवावी लागे अशीही मशीनं त्या काळात होती. हे सगळं पन्नास-साठ वर्षांपूर्वी जमत होतं. घरातल्या शेगडीचं बटणसुद्धा आधी आत दाबावं लागतं, मगच फिरतं. दोन-तीन हजारांच्या शेगडीला जी अक्कल आहे ती लाखाच्या कॅमेऱ्याला का नाही?

आणि त्यांना कुलूप माहीत नाही असंही नाही. याच कॅमेऱ्याच्या वरच्या मोड डायलला मधोमध बटण आहे, ते दाबून धरल्याशिवाय डायल हलत नाही. जो मोड मी वर्षातून दोनदा बदलत असेन त्याला कुलूप, आणि जिथे दिवसभर तळवा घासतो तिथे मोकळं रान. कारणही समजतं मला. कॅमेऱ्याच्या आतला आरसा गेला, कॅमेरे लहान झाले, स्क्रीन मोठी करायची म्हणून पाठ जवळपास सगळी स्क्रीनने खाल्ली. उरली उजवीकडे दोन बोटांची पट्टी. त्याच पट्टीवर सगळी बटणं आणि त्याच पट्टीवर आमचा हात. अरे, पण हात ही कॅमेऱ्याची गरज आहे, हात नसला तर फोटो कोण काढणार? आधी हाताची जागा सोडा, मग उरलेल्या जागेत काय बसवायचं ते बसवा.

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं अजून विसरलेलो नाही. तेव्हा आधीचा कॅमेरा होता, आरशाचा. त्याच्या मागच्या चकतीला नुसता अंगठा लागला की एक्सपोजर खाली. काचेतून बघताना काही कळत नाही, आरशातून सगळं उजळच दिसतं. गिरगावातला हॉल, मावश्या, आत्या, एरवी कधी एका जागी न भेटणारी माणसं. अख्खा कार्यक्रम उणे दोनवर. उणे दोन म्हणजे हवा त्याच्या चौथा हिस्सा प्रकाश. मागाहून कॉम्प्युटरवर उजळवले, तर आईच्या हिरव्या शालूवर वाळू पसरल्यासारखे दाणे. त्यातली एक आत्या आता नाही. तिचा शेवटचा चांगला फोटो म्हणून भिंतीवर जो लावलाय तो त्याच दाण्यांचा आहे.

शिवडीचंही तेच. भरती चढायला लागली की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखलावरून काठाच्या दिशेने सरकत येतात. तो वेळ साधायला भरतीचं कोष्टक बघून पहाटे निघायचं. मी डाव्या डोळ्याने बघतो. त्यामुळे नाक स्क्रीनवर टेकतं, आणि स्क्रीनला वाटतं मी बोटाने फोकस हलवतोय. चौकट गेली वर कोपऱ्यात. २०२४मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूचे खांब लख्ख, पुढचे शेकडो गुलाबी पक्षी धुरकट. नाकाने फोकस कोणाला हलवायचा असतो, ते मला कोणीतरी समजावून सांगा.

व्हिडिओच्या लाल बटणाबद्दल तर बोलायलाच नको. बॅगेत चेन घासून कॅमेरा चालू झाला, बटण दाबलं गेलं, आणि विरार लोकलमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंद काळोख रेकॉर्ड झाला. "पुढील स्टेशन अंधेरी" मात्र स्पष्ट ऐकू येतं. विरारला उतरलो तेव्हा बॅटरी लाल.

परवा फोर्टात बोरा बझारला गेलो. म्हटलं, काही उपाय असेल तर विचारू. दुकानदार माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "साहेब, हाताला सवय नाही तुमच्या. वेगळी ग्रिप घ्या, साडेचार हजार." अकरा वर्षं फोटो काढतोय मी. सवय नाही म्हणे! कॅमेऱ्यात खोट निघाली की दोष माणसाच्या हाताचा, आणि वर त्याच खोटेवर साडेचार हजार. ओळखीतले फोटोवालेही तेच ऐकवतात, "मेनूत जा, सगळं बदलता येतं." गेलो मेनूत. रात्री दोनपर्यंत बसलो. चकतीचं फिरणं लॉक करता येतं, कळ नाही. खालच्या कळीला दुसरं काम देता येतं. उजवीला देता येतं. डावीला नाही. डावी बदलता येत नाही, बंदही करता येत नाही.

भाची बिचारी काही बोलली नाही. संध्याकाळी दही सुकलेल्या केसांनी घरी आली आणि विचारलं, "मामा, आला ना रे?" मी दोरीचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून नीट बघितला आणि म्हणाली, "जाऊ दे, कोणाच्या तरी मोबाइलवर असेल." दोन दिवस सगळ्यांना विचारून झालं. पाठीचे आहेत, पायांचे आहेत, झेंड्यामागे अर्ध्या लपलेल्या चेहऱ्याचा एक आहे. पुढच्या वर्षी काढू असंही म्हणता येत नाही. एक्का हलका लागतो. या वर्षात तिची उंची भराभर वाढली, आणि पथकाच्या ताईंनी तिला सांगून टाकलंय की पुढच्या खेपेला तू चौथ्या थरात.

काल रात्री एमसील आणलं. दोन्ही गोळे मळून सुतळीएवढी वळी केली आणि त्या डाव्या कळीभोवती बसवली, कळीपेक्षा थोडी उंच. सकाळपर्यंत दगड झाली. आता तळवा टेकला तरी कळ दबत नाही, दाबायची तर नखाने दाबावी लागते. काळ्या कॅमेऱ्यावर करड्या मातीचा ढेकूळ बसल्यासारखं दिसतं. वॉरंटी गेली, विकायला काढला तर अर्धी किंमतही येणार नाही असं त्याच दुकानदाराने फोनवर सांगितलं. नाही आली तर नाही आली.