आधी छप्पर, मग संसार

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कोणी अक्षरं गिरवायला बसवू नये. कंपनीनं तीन वर्षांसाठी शांघायजवळच्या सुझोला धाडलं, तेव्हा बायको माझ्याआधी चिनी बोलायला लागली. भाजीबाजारात घासाघीस करता आली, तिचं शिक्षण संपलं. मला मात्र लिहायची खाज.

शिकवायला आठवड्यातून दोनदा लाओशी येत. लाओशी म्हणजे बाई. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण धाक आमच्या चौथीच्या बाईंचा. पहिल्या दिवशी त्यांनी चौकटींची वही दिली आणि 'कोऊ' काढायला सांगितलं. कोऊ म्हणजे तोंड, आणि दिसायला निव्वळ चौकोन. मी इंजिनिअर. चार रेघा ठोकल्या.

"तीन," लाओशी म्हणाल्या.

मी बोट लावून चार बाजू मोजून दाखवल्या.

"तीन." आधी डावी उभी. मग वरची आडवी, तीच हात न उचलता वळवून उजवीकडून खाली. मग तळ. माझं तोंड त्या दिवशी अर्ध्या तासानं बंद झालं.

नियम तसे समजूतदार आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी, उभी नंतर. 'देश' लिहिताना तीन बाजूंच्या भिंती, मग आत जेड नावाच्या रत्नाचं अक्षर, आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. आधीच दार लावलं तर जेड आत नेणार कुठून? पटलं. पण 'बळ' आणि 'नऊ' ही दोन अक्षरं जुळी वाटावीत अशी. बळात आकडेवाली रेघ आधी, डावीकडे घसरणारी नंतर. नऊमध्ये बरोब्बर उलटं. का? "असंच असतं." 'लहान' लिहिताना मधली रेघ आधी, बाजूचे ठिपके नंतर. 'आग' लिहिताना मात्र दोन्हीकडच्या ठिणग्या आधी आणि त्यांच्यामध्ये माणूस नंतर उभा करायचा. 'शेत' लिहिताना आतली उभी रेघ जपानी लोक आडवीच्या आधी काढतात, असं मला कुठूनसं कळलं. एक चूक मी जपानी पद्धत म्हणून खपवून बघितली. खपली नाही.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. चाळीसेक वर्षं देवनागरी लिहिलेला हात. शब्द पुरा झाला की वर रेघ, हे त्याच्या हाडात गेलेलं. इथे डोक्यावरची आडवी रेघ बहुतेकदा पहिली. मी खाली सगळा संसार मांडून शेवटी छप्पर घालायचो, आणि ते नेमकं एका बाजूला तोकडं पडायचं. लाओशी नुसती वही बघून ओळखायच्या. अक्षर तर तेच झालं ना, मग कुणाला कळतंय, असा माझा सात्त्विक संताप होता.

तो उतरला एका हार्डवेअरच्या दुकानात. बल्ब हवा होता. 'दिवा'ला चिनीत 'तंग'. मी म्हटलं तंग. सूर चुकला आणि त्याचं 'थांबा' झालं. दुकानदार बिचारा थांबला. मी पुन्हा म्हटलं, तो आणखी थांबला. मग मी इथल्या लोकांसारखं तळहातावर बोटानं लिहायला घेतलं. 'दिवा'च्या डाव्या अंगाला 'आग' असते. मी आधी माणूस उभा केला, मग ठिणग्या. उजवीकडे आधी उभी रेघ, वर शेवटी छप्पर. दुकानदार माझ्या हाताकडे ज्योतिष्यासारखा बघत राहिला. शेवटी त्यानं पेन पुढे केलं. कागदावर मी त्याच चुकीच्या क्रमानं तेच अक्षर काढलं आणि त्यानं क्षणात बल्ब काढून दिला. तेव्हा डोक्यात उजेड पडला: तळहातावर शाई नसते. तिथे मागे काहीच उरत नाही, वाचायचा तो फक्त क्रम.

त्या रात्री मी 'दिवा' दोनशे वेळा लिहिला, प्रत्येकाला छप्पर वेळच्या वेळी.

परवा पुण्याहून कुणीतरी येणार होतं, म्हणून बायकोनं सामान सांगितलं आणि मी यादी केली. गोडा मसाला, आमसुलं, हिंग. यादी हातात घेऊन ती बराच वेळ गप्प. माझ्या हातानं प्रत्येक ओळीत आधी लांबलचक रेघ मारून मग अक्षरं टांगली होती. हिंग संपला तरी रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

"या उरलेल्या दोरीवर काय कपडे वाळत घालू?"

"मोडी लिहिणारे अशीच आधी अख्ख्या ओळीची रेघ मारून घ्यायचे," मी म्हटलं.

"तुम्हाला मोडी येते?"

"नाही."

"मग हिंग नीट लिहा."