हरकत घ्यायलाही पोर्टल द्या

वरळीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एकच पालुपद चालू आहे. पर्यावरण मंजुरीचं सगळं ऑनलाइन करा, फायली एआयकडून तपासून घ्या, म्हणजे हे झोळीवाले आडवे येणार नाहीत. वर 'युरोपात बघा!' अहो, मी तिथेच राहतो.

पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं केंद्र सरकारचं परिवेश पोर्टल २०१८ पासून आहे. अर्ज कुठे अडलाय ते बिल्डरला घरबसल्या कळतं. उत्तम. पण २०२० चा ईआयएचा, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीच्या नियमांचा, मसुदा लोकांच्या भाषांत आणा, हे सांगायला दिल्ली हायकोर्ट लागलं. कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्या जाणार कशा, हे वरळी कोळीवाडा ओरडून सांगत होता. त्यांनी समुद्रात काम अडवलं, तेव्हा कुठे दोन खांबांमधला ६० मीटरचा गाळा १२० झाला. भरती-वाऱ्यात होडी किती सरकते, याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये असतो? एआय तरी तपासणार काय, सल्लागाराने लिहिलेलंच ना?

इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला, शेजाऱ्याने डाककापेलसाठी, म्हणजे छपरातल्या उभ्या खिडकीसाठी, अर्ज केला तरी मला ईमेल येते. परवानगी निघाली की हरकतीला सहा आठवडे. प्रकल्पामुळे आसपासच्या निसर्गक्षेत्रांवर नायट्रोजन किती पडेल याचा हिशोब एरियस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर होतो, तो मीही उघडून करू शकतो. यंत्रणा अशी दोन्ही बाजूंना हवी, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. याच नायट्रोजनपायी २०१९ मध्ये कोर्टाने सरकारची अख्खी योजना मोडीत काढली, बांधकामं लटकली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला धडकले, हे मात्र लिहिलं नाही. बांधकाम-पर्यावरणाचे सव्वीस कायदे एकत्र करणारा नवा कायदा सॉफ्टवेअरपायी रखडत रखडत २०२४ ला लागू झाला, तेही नाही. कशाला त्यांच्या हातात कोलीत द्या?

त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज: "तुला तिकडून बोलायला काय जातं? आमचं रिडेव्हलपमेंट अडलंय."

खरं आहे. त्या बिल्डिंगमध्ये आईबरोबर माझंही नाव आहे, आणि मंजुरी लवकर आली तर मला नकोय थोडीच! शेजाऱ्याच्या छपराबद्दल माझं म्हणणं इथली खेमेंते (नगरपालिका) मुकाट नोंदवून घेते. ज्या समुद्रावर लहानाचा मोठा झालो, त्याबद्दल बोललो की मी 'तिकडचा'. रागावलो, पण उत्तर सुचलं नाही.

तरी मागणी सोडत नाही. पिनकोड टाकला की त्या भागातल्या प्रत्येक अर्जाची सूचना मराठीतून मोबाइलवर यावी, आणि तिथेच हरकत नोंदवता यावी. काकूंनाही, कोळीवाड्यालाही. वरळीचा ४०००३० टाकून मी उट्रेख्तहून नाव नोंदवणार, मग ग्रुपवर काय म्हणायचं ते म्हणा.