वर्तुळपाकळीचे ‘झटपट सूत्र’: खुलासा

‘वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ = ½ × त्रिज्येचा वर्ग × कोन, अंश थेट घाला’ असा संदेश दहावीच्या मुलांमध्ये फिरतो आहे. (वर्तुळपाकळी म्हणजे दोन त्रिज्या आणि त्यांमधला कंस यांनी वेढलेला भाग.) सूत्र खरे, पण कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याचे अंशांहून वेगळे एकक; १८०° = π रेडियन) असेल तरच. त्रिज्या ७ सेंमी, कोन ६०° घ्या. अंश थेट घातले की उत्तर १४७० चौसेंमी येते. अख्खे वर्तुळच १५४ चौसेंमीचे आहे! अंशांसाठी ६०/३६० × २२/७ × ४९, म्हणजे सुमारे २५.६७ चौसेंमी. रेडियनच हवे तर अंशांना आधी π/१८० ने गुणा. कंसाची लांबी दिली असेल तर कोन शोधूच नका: लांबी × त्रिज्या ÷ २. वर्तुळखंड (जीवा आणि कंस यांमधला भाग) विचारला असेल तर मात्र पाकळीतून दोन त्रिज्या व जीवा यांचा त्रिकोण वजा करावा लागतो, इथे तो ७ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण आहे: २५.६७ − २१.२२ = ४.४५ चौसेंमी.