पालखी कुठवर आली?

गणपतीचं बरं असतं. तिथी ठरलेली, मूर्ती आपणच आणायची, आपणच बसवायची. शिमग्यात ग्रामदेवता स्वतः पालखीत बसून घरोघर येते, आणि ती आपल्या दारात कधी पोचणार हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. मानकऱ्यांना तर मुळीच नसतं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. हापिसात रजा मागताना शिमग्याला ‘होळी’ म्हणावं लागतं, मग साहेब म्हणतात, “होळीची सुट्टी आहेच की!” फाल्गुन शुद्ध पंचमीपासून आमच्याकडे ढोल बाहेर निघतात, काही गावांचे शिमगे तेरसे म्हणजे त्रयोदशीचे, काहींचे भद्रे म्हणजे पौर्णिमेचे, आणि होम म्हणजे होळी पेटली की पालखीची घरं सुरू होतात, हे त्यांना कोण सांगणार? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि चहा गाळेपर्यंत वेटिंगवर जातं. रस्त्याने जावं तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. असो. आपण पोचतो.

पोचल्यावर खरी परीक्षा. काकीने पहाटेच अंगण शेणाने सारवलं होतं, रांगोळी घातली होती, ओटीचं ताट (नारळ, तांदूळ, खण) देवघरापाशी झाकून ठेवलं होतं. मी विचारलं, “काका, पालखी कुठवर आली?”

“खालच्या वाडीत हाय. येल दुपारपतुर.”

दुपारी पालखी खालच्या वाडीतच होती. तिथे कुणाचा तरी नवस होता. नवस फेडायचा म्हणजे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मानकऱ्याने देवीला घातलेलं साकडं आलं, आणि गाऱ्हाण्यात एखाद्याचा मान चुकला की अर्धा तास त्याची समजूत. शिवाय त्या घरचे समस्त मुंबईकर पालखी नाचवून फोटो काढणार. एकाचा फोटो हलला की पालखी पुन्हा नाचणार.

देवी दारात आणि घराला कडी, हे चालत नाही. त्यामुळे तिकडे सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, नमनाचा खेळ रंगलेला, त्यातला सोंगाडी संकासूर पोरांच्या मागे धावतोय, आणि मी पडवीत बसून कोंबड्यांना रांगोळीवरून हाकलतोय.

यावर पुण्याच्या चुलतभावाने तोडगा काढला. पालखीबरोबरच्या एका पोराला व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन चालू करायला लावलं. निळा ठिपका शेताच्या बांधावरून सरकू लागला तशी काकीने नवी साडी नेसली. मग ठिपका एका घरापाशी थांबला. तासभर हलेना. “कौल घेतायत,” काका गंभीरपणे म्हणाले. “कायतरी मोठं परकरण दिसतंय.” आत्याने हात जोडले. दोन तासांनी कळलं, तो पोरगा जेवायला घरी गेला होता आणि जेवून तिथेच झोपला होता. पालखी केव्हाच पुढच्या घरी गेली होती.

संध्याकाळी पालखी “आता तिकडनं निघाली”. रात्री दहालाही ती “आता तिकडनं निघाली”च होती. कोकणात ‘आता’ हा काळ बराच ऐसपैस आहे.

शेवटी ढोल वाजला तो पहाटे अडीचला. घरात एकच धावपळ. कुणाला नारळ सापडेना, कुणाला चष्मा. मी हाफपँटीवरच अंगणात. रांगोळीवर कुत्रं झोपलं होतं, ते ढोल ऐकून पळालं. पोरं भेदरून काकीच्या पदरात शिरली. आणि पालखी आली: रुप्याचे मुखवटे, अबोलीचे हार, पेट्रोमॅक्सऐवजी आता एलईडी.

कुणीतरी दांडा माझ्या खांद्यावर दिला. पालखी नाचवताना हाताने धरायचं नसतं म्हणे. ती खांद्यावर तोलायची आणि पायाने ढोल पकडायचा. मी पकडला. दांडा बरोबर मानेच्या त्या शिरेवर बसला, जी हापिसातल्या खुर्चीने आधीच कामाला लावली होती. तरी सोडवेना. पुढचा गडी आपला दांडा दुसऱ्याला द्यायला लागला, तर मी ओरडलो, “थांब रे, आणखी एक फेरा!”

मग ओटी भरली, आणि मानकऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा महाराजा, ही लेकरं मुंबईसनं आली, त्यांची रोजीरोटी सांभाळ!”

“होय महाराजा!” सगळे.

“रस्ता पुरा कर!”

“होय महाराजा!” जरा दबक्या आवाजात, देवीलाही किती अडचणीत आणायचं!

मी मानकऱ्याच्या कानाशी लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा सूर लावला.

“आणि ह्याच्या सायबाला, सोमवारपतुर ह्याची याद येऊ देऊ नको!”

“होय महाराजा!!”