कापडी ग्रो बॅगला ‘१५ दिवस पाणी नको’? आधी लिटर मोजा

“मोठ्या कापडी ग्रो बॅगमधल्या झाडांना भर उन्हाळ्यातही १५ दिवस पाणी घालावं लागत नाही, कारण बॅग मोठी असली की ओल टिकते.” गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या फोनवर हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याच्या खाली पाच युक्त्या दिल्या आहेत: सलाईनची बाटली उलटी टांगा, बॅग पाण्याने भरलेल्या टबात ठेवा, मातीत डायपरमधली जेल मिसळा, बादलीतून सुती दोरी सोडा, नाहीतर ठिबकला टायमर लावा आणि विसरून जा. आधी आला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. या आठवड्यात तो नाशिकहून वन्संनी पाठवला आणि खाली लिहिलं, “लेकीकडे बंगळूरला जातेय, सलाईनच्या बाटल्या आणून ठेवल्यात.” त्यांचे टोमॅटो फळांवर आले आहेत, लिंबाचं कलम यंदा पहिल्यांदा धरलंय. ती झाडं अशा मजकुरापायी वाळावीत हे मला सहन होण्यासारखं नाही.

मुळातलं विधानच उलटं आहे. मजकुरातल्या फोटोत जी बॅग आहे ती जाड, फेल्टसारख्या जिओ फॅब्रिकची. हिरव्या एचडीपीई प्लास्टिकची विणलेली, आतून लॅमिनेट केलेली बॅग वेगळी, तिच्या भिंतीतून फारसं पाणी जात नाही. फेल्टच्या बॅगेचं मात्र सगळ्या बाजूंनी माठासारखं चालतं: ओल भिंतीतून बाहेर येते आणि वाऱ्यावर उडून जाते. मुळं थंड राहतात, कडेला हवा लागली की गोल गोल न फिरता फाटे फोडतात, हा या बॅगेचा गुण आहे आणि त्यासाठीच ती घ्यायची. पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. १८ बाय १८ इंचाची बॅग घ्या. उंची आणि व्यास सारखा असला की गोल भिंतीचं क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या चौपट भरतं. म्हणजे वरून पालापाचोळ्याचं कितीही छान आच्छादन घातलं, तरी चौपट मोठी बाजू उघडीच राहते.

आता झाड किती पितं ते बघू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९९८ साली पिकांच्या पाण्याच्या गरजेवर ५६ क्रमांकाची पुस्तिका काढली. जगभरचे सिंचनवाले आजही त्याच पुस्तिकेवरून हिशोब करतात. उष्ण कटिबंधातल्या कोरड्या आणि निमकोरड्या भागात, तापमान ३० अंशांच्या वर असताना, रोज ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडतं असं ती सांगते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. भरात आलेल्या टोमॅटोसाठी हा आकडा १.१५ ने गुणायचा. झाडाचा पसारा ६० बाय ६० सेंटिमीटर धरला, तर रोजचे जवळपास ३ लिटर होतात. हा हिशोब शेतातल्या झाडाचा आहे. गच्चीवर खालून तापलेला स्लॅब, चहूबाजूंनी वारा आणि कापडाची उघडी भिंत, म्हणजे गरज याहून जास्तच. ३ लिटरच धरले तरी १५ दिवसांचे ४५ लिटर होतात.

बॅग मोठी असली की ओल टिकते, यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. या बॅगेत काठोकाठ साधारण ७५ लिटर मिश्रण मावतं. कोकोपीट आणि शेणखत चांगलं असेल तर त्यातलं साधारण पाव हिश्शाइतकं पाणी झाडाच्या कामी येतं असं धरू. म्हणजे १५ ते १८ लिटर. आठ इंची कुंडी मे महिन्यात संध्याकाळपर्यंत माना टाकते, ही बॅग चार-पाच दिवस तग धरेल. चार-पाच दिवस म्हणजे पंधरा दिवस नव्हेत.

सलाईनच्या बाटलीवर मात्र थांबायलाच हवं, कारण ही युक्ती सगळ्यात जास्त लोक करतात. ५०० मिलिलिटरची बाटली १५ दिवस पुरवायची तर रोज ३३ मिलिलिटर पाणी मिळणार. झाडाला हवेत ३,००० मिलिलिटर. बाटलीला जोडायच्या नेहमीच्या नळीत, म्हणजे सलाईन सेटमध्ये, २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्या हिशोबाने दोन मिनिटांना एक थेंब पडेल. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात तो थेंब मुळापर्यंत जाणार नाही, वरच्या इंचभर मातीतच सुकेल. बरं, नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक सैल करून झाडाला हवं तितकं पाणी सोडलं, तर बाटली चार तासांत रिकामी. मजकूर लिहिणाऱ्याने एवढा भागाकार करून बघितला असता तर तो पुढे पाठवलाच नसता. शिवाय चाकावर बसवलेला वेग टिकतही नाही. पाण्याची पातळी उतरते तसा थेंब मंदावतो, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक नळीत साठले की बंदच पडतो.

त्यात मजकूर म्हणतो, “दवाखान्यातून वापरलेले सेट फुकट मिळतात.” कृपा करून असं काही आणू नका. वापरलेले सलाईन सेट हा जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो लाल पिशवीत जातो, निर्जंतुक करून त्याचे तुकडे केले जातात, ते मुद्दाम पुन्हा कुणी वापरू नये म्हणूनच. ज्या मातीतली मेथी-कोथिंबीर आपण घरात खातो, तिथे कुणाच्या तरी शिरेत गेलेली नळी खोचायची, हे सुचतं तरी कसं?

टबाची युक्ती त्याहून घातक, कारण तिचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, भांड्याच्या भिंतीला अंडी घालते, आणि उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत त्यांचे उडणारे डास होतात. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, असं आरोग्य खातं सांगतं ते यासाठी. तुम्ही पंधरा दिवस गावाला, गच्चीवर दहा उघडे टब, म्हणजे परत येईपर्यंत डासांची अख्खी पिढी बिल्डिंगमध्ये उतरलेली. अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने जगतात, त्यामुळे आल्यावर टब नुसता ओतून भागत नाही, घासावा लागतो. झाडाचंही भलं होत नाही. अर्धी बॅग सतत पाण्यात बुडाली की खालची मुळं गुदमरून कुजतात.

खालून पाणी देणं मुळातच चूक आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. फेल्टचं कापड स्वतःच पाणी वर ओढतं, त्याला वेगळी वात लागत नाही. चार-पाच सेंटिमीटर खोल तबकात काठापर्यंत खडी भरा, पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच ठेवा आणि वर बॅग ठेवा, हे चांगलं चालतं. पण ६० सेंटिमीटरच्या चौकोनी तबकात खडीच्या फटींमध्ये ६-७ लिटरच पाणी मावतं, दोन दिवसांचं. पुढचं पाणी आपोआप यायला झाकणाच्या छोट्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह (तरंगत्या गोळ्याने आपोआप उघडणारी-बंद होणारी झडप) बसवून ती तबकाला जोडावी लागते. खालून ओढलेल्या पाण्याबरोबर क्षारही वर चढतात आणि बॅगेच्या भिंतीवर पांढरे पट्टे दिसू लागतात, तेव्हा अधूनमधून वरून भरपूर पाणी घालून ते धुवावे लागतात.

डायपरमधली जेल सोडियमची असते. जी माती आपण शेणखत घालून वर्षानुवर्षं घडवतो, तिच्यात सोडियम कालवण्याचं काहीच कारण नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शेतीसाठी काढलेलं पुसा हायड्रोजेल वेगळं, ते सेल्युलोजवर आधारलेलं आहे. तेही पाणी निर्माण करत नाही, घातलेलं थोडं जास्त वेळ धरतं, इतकंच. सुती दोरी टेबलावरच्या लहान कुंडीला ठीक. बादलीतून दीड फूट वर चढून रोज तीन लिटर पोचवणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि मातीतलं टोक कुजतं ते वेगळंच.

राहिलं ठिबक. पाचांत खरं उत्तर हेच आहे, फक्त “विसरून जा” हे शब्द काढून टाका. बाजारातले ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबावर ठरलेलं पाणी देतात, आणि तेवढा दाब मिळायला टाकी दहा मीटर वर लागते. गच्चीवरची टाकी बॅगांपेक्षा दीड-दोन मीटरच उंच असते, तिथे तासाला ४ लिटरचा ड्रिपर ४ लिटर देत नाही. टायमर घेताना दुकानदाराला विचारा, आत सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप) आहे की बॉल व्हॉल्व्ह (गोळा फिरवून उघडणारी झडप). सोलेनॉइडला उघडायला बहुधा दाब लागतो, नुसत्या टाकीच्या पाण्यावर तो अडकतो. बॉल व्हॉल्व्हवाला चालतो. टायमरच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच. एका बॅगेला एक ड्रिपर लावला तर कोकोपीटमध्ये त्याच्याखाली एकच ओला खांब तयार होतो आणि बाकीची मुळं कोरडी राहतात, म्हणून तीन-चार ठिकाणी थेंब पडू द्या. एकदम जास्त पाणी सोडलं तर ते कापडातून कडेने वाहून जातं, तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी असं दोनदा विभागून द्या.

वन्संना मी तीन कामं सांगितली आहेत. सगळ्या बॅगा ऊन कमी लागणाऱ्या भिंतीशी एकमेकींना खेटून ठेवायच्या, म्हणजे उघड्या भिंती झाकल्या जातील, आणि वर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधायची. टाकीजवळच्या आणि सगळ्यात लांबच्या बॅगेच्या ड्रिपरखाली मापाचं भांडं १५ मिनिटं धरायचं, आलेल्या पाण्याला चारने गुणून तासाचा आकडा काढायचा आणि त्यावरून टायमरची वेळ बसवायची. आणि हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी न करता आठवडाभर आधी सुरू करायचं, रोज बॅगेत बोट खुपसून ओल बघायची. दोन बॅगांच्या पाण्यात फार फरक पडला, तर लांबच्या बॅगेला आणखी एक ड्रिपर लावायचा.