दोन हजारांचा हप्ता आणि आबांचा डोळा

आमचे आबा शेतकरी आहेत, यावर गावात दुमत नाही. ज्या चुलत्याशी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, तोसुद्धा हे मान्य करतो. शंका आहे ती फक्त सर्व्हरला.

पीएम किसान सुरू झाली २४ फेब्रुवारी २०१९ ला. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी दोन हजार. २०२३ मध्ये राज्य सरकारनं 'नमो शेतकरी'चे तेवढेच वर टाकले. दिवसाला साधारण ३३ रुपये पडतात, म्हणजे आबांचा चहा आणि तंबाखू सरकारी खर्चानं. मग एकदा हप्ता थांबला. चौकशी केली तर ई-केवायसी बाकी. ओटीपीनं घरबसल्या होतं म्हणे, पण आधारला जोडलेला नंबर धाकट्याच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम रिचार्जअभावी केव्हाच वारलेलं.

निघालो सेतूत.

"बाबा, अंगठा ठेवा," तिथली पोरगी म्हणाली. आबांनी ठेवला. नाही लागला. "जरा दाबून." आबांनी असा दाबला की मशीनच टेबलावरून सरकलं. ओल्या फडक्यानं पुसून झालं, खोबरेल चोळून झालं, मग डावा अंगठा, मग एकेक बोट. खुरप्यानं आणि उसाच्या पाचटानं सगळ्या रेषा कधीच घासून नेल्यात, मशीन तरी काय वाचणार? मागं रांगेत तालुक्याचा कापड दुकानदार होता, त्याचा अंगठा एका झटक्यात लागला. त्याच्या नावावर दीड एकर आहे. ते नेमकं कुठल्या शिवारात, हे त्याला वाटेकऱ्याला विचारावं लागतं. वाटेकरी बिचारा वर्षभर तिथंच राबतो, पण सातबारा त्याच्या नावावर नाही, म्हणून हप्ता नाही. घाम कुणाचा, असा रकाना फॉर्मात नाहीच.

शेवटी पोरीनं मोबाईलवर चेहरा ओळखायचं ॲप काढलं.

"बाबा, इकडं बघून डोळे मिचकवा."

आबांनी आधी मागं वळून पाहिलं. "कुणाला?"

"मोबाईलला!"

"पोरी, माझी नात तुझ्या वयाची हाय."

बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी एकच डोळा मिचकावला, तोही असा की रांगेतल्या दोन म्हाताऱ्या पदराआड हसल्या. ॲपला दोन्ही डोळे हवे होते. ते जमेपर्यंत निम्मा बाजार दारात गोळा झाला होता.

पुढचा हप्ता जमा झाला, असं पोर्टलवर दिसलं. जिल्हा बँकेच्या पासबुकात मात्र खडखडाट. कारण पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. आणि आबांनी मागं बाजारात, छत्रीखाली बसलेल्या एका टायवाल्याकडं खातं उघडलं होतं, कारण तो त्यावर पाण्याची बाटली फुकट देत होता. बाटली अजून घरात आहे. कागद मात्र एकही नाही.

शोधत शोधत त्या बँकेचा माणूस गाठला. किराणा दुकानातच त्याचं मशीन. म्हणाला, "काका, पैसे सुरक्षित आहेत. पासबुक नको, सही नको, काही नको. फक्त अंगठा लावा."

आबांनी त्या मशीनकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"डोळा मारून चालंल का?"